पाचवी प्रत

रिम्मा दिवसा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या याद्या टाइप करायची,
पेर्ममध्ये, कामा नदीकाठच्या कारखान्यात.
रात्री पहारेकऱ्याची मान कलली
की त्याच यंत्रावर ड्रॅगन.

एका वेळी पाच कागद, मध्ये चार कार्बन.
पहिली प्रत अनुवाद करणाऱ्याची. तो कोण, विचारायचं नाही.
दुसरी, तिसरी रेल्वेनं कुठंतरी दूर जायची,
चौथी तिच्या भावाला.
पाचवी आमची.

पाचव्या प्रतीवर अक्षरं नसायचीच,
अक्षरांचं दहिवर असायचं.
कागद दिव्याशी तिरपा धरून
आम्ही एकेक शब्द चाचपायचो.
राजधानी जळताना राजा हसला की रडला
हे एका अक्षरावर अडलं होतं,
आणि ते अक्षर काही आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं.
फाईना म्हणे हसला. इल्दार म्हणे रडला.
दोघं महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत.
मग लग्न केलं.

वाचन व्हायचं वेन्याच्या बॉयलरखोलीत.
बाहेर उणे तीस,
आत आम्ही बनियनवर, घामाघूम, जिवाचा कान करून.
एक रात्र मिळायची. पहाटे गठ्ठा पुढच्या घरी.
वेन्यानं इन्स्टिट्यूटच्या स्की कापून तलवारी केल्या,
त्या वर्षी आमचा संघ शर्यतीत उतरलाच नाही.
माझा झगा म्हणजे आईचा हिरवा पडदा.
आई संध्याकाळी उघड्या खिडकीकडे बघायची,
मग माझ्याकडे,
आणि बटाटे सोलत राहायची.

आणि राज्याभिषेकाचं ते पान!
सात खोऱ्यांचे सरदार गुडघ्यावर,
म्हातारी पुजारीण मुकुट उचलते आणि म्हणते:
बेअरिंग, क्रमांक चारशे सात, पन्नास नग.

आम्ही अवाक.
कुणी हसलं नाही, देवाशपथ.
इल्दार म्हणाला, हा जुन्या भाषेतला मंत्र असणार,
वेन्यानं तो बॉयलरच्या दारावर खडूनं लिहिला,
परीक्षेला जाताना, दवाखान्यात, सैन्यभरतीच्या रांगेत
आम्ही तो ओठांतल्या ओठांत म्हणत गेलो.
आणि सांगते, लागू पडायचा.

तिसरा खंड आलाच नाही.
रिम्माच्या खोलीला कुलूप लागलं, तिची बदली झाली,
कुठं ते पत्रातून कळण्यासारखं नव्हतं.
मग शेवट आपापला करावा लागला.
माझ्या शेवटात ड्रॅगन जगला.
वेन्याच्यात सगळे मेले, पण तो मुळातच तसा होता.

पुढे पुस्तक छापून आलं, बाजारात, मासळीच्या शेजारी,
तिन्ही खंड, सोनेरी कडा, नकाशा रंगीत.
सवयीनं एका रात्रीत संपवलं
आणि सकाळी परत कुणाला द्यायचं ते सुचेना.
राजा हसला होता.
फाईनानं ते पान इल्दारला कधी दाखवलं नाही.
तो रडणाऱ्या राजासोबतच गेला,
मागच्या मार्चमध्ये.

आता सिनेमा आलाय.
आम्ही तिघं गेलो, वेन्या काठी टेकत,
फाईनानं शेजारची एक खुर्ची जास्तीची काढली, तिच्यावर कोट ठेवला.
ड्रॅगन छान आहे. खवला न् खवला दिसतो.
इतका दिसतो
की त्यात माझं बघण्यासारखं काही उरलेलं नाही.
पुढच्या रांगेत एक पोरगं, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट,
खुर्चीवर उभं राहून बघत होतं. त्याचं मात्र सगळं उरलं होतं.

मग खोऱ्यांचे सरदार गुडघ्यावर आले.
पुजारिणीनं मुकुट उचलला.
पडद्यावर तिनं काहीतरी गंभीर म्हटलं, संगीत चढलं,
आणि अंधारात आम्ही तिघं, न ठरवता, मोठ्यानं:
बेअरिंग, क्रमांक चारशे सात,

मागून कुणीतरी शुक् शुक् केलं.

पन्नास नग, फाईना म्हणाली,
कोटाकडे वळून.